पथ्याचा खारा मासा

मी आयुष्यभर लोकांना मासे खायला लावले आणि स्वतः कधी तुकडाही चाखला नाही. माहेरी वडिलांच्या गळ्यात माळ, सासरी सासऱ्यांच्या. त्यामुळं माशाचे कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर हवा, बोटानं दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं, हे सगळं मला तोंडपाठ आहे. तो लागतो कसा, एवढं मात्र पेशंटांना विचारावं लागायचं. पेशंटही आनंदानं सांगायचे, कारण खाण्याबद्दल बोलताना न रागावणारी त्या इमारतीत मी एकटीच होते.

शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ होते. माझी खोली लिफ्टशेजारी, रक्ततपासणीच्या रांगेला लागून. रांग चुकून आत शिरणारे पुष्कळ. "रक्त इथंच घेता का?" नाही म्हटलं की "मग तुम्ही काय करता?" मी सांगायचे, काय खायचं ते सांगते. त्यावर एका काकूंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आन त्याचा पगार देतेत व्हय?"

आमच्या धंद्याचं मुख्य हत्यार म्हणजे एक प्रश्न. काल काय खाल्लं? या प्रश्नाला अख्खं शहर एकच उत्तर देतं. दोन फुलके, वाटीभर वरण, थोडी भाजी. गुलमंडीवरचा कापडवाला असो की कंपनीतला सुपरवायझर, फुलके दोनच. मग इथली नान-खलियाची दुकानं आणि बिर्याणीच्या हंड्या नेमक्या कुणाच्या जिवावर चालतात, हे मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. म्हणून मी लवकरच एक रीत लावून घेतली. खाणाऱ्याला विचारायचं ते रीतीपुरतं; खरं विचारायचं ते शिजवणाऱ्याला. खाणारा खोटं बोलतो, शिजवणाऱ्याला तेवढी सवड नसते.

मासे खा म्हटल्यावर लोक काय काय करतील याचा नेम नाही. एका निवृत्त प्राध्यापकांना त्यांच्या मुलीनं अमेरिकेतून कळवलं होतं की हृदयासाठी सॅल्मन खा. मी म्हटलं, "सर, आपल्या धरणातला कटला खा. ताजा मिळतो, विमानात बसून येत नाही, आणि तुमच्या हृदयाला फरक कळणार नाही." सर दुखावले. "कटला? अहो, तो हातगाडीवर मिळतो!" आजार जेवढा भारी, मासाही तेवढाच भारी हवा, असा त्यांचा हिशेब असावा. दुसरे एक माळकरी गृहस्थ. कुणीतरी त्यांना माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी दार लोटून हळूच विचारलं, "एकादशीला चालती का? मासा दिसत तर नाय." मी म्हटलं, "काका, कशाला देवाला कोड्यात पाडता? जवसाची चटणी खा, बिनमिठाची." ते इतके खूश झाले की पुढच्या खेपेला घरचे जवस घेऊन आले. जवस आपल्याच रानातले, त्यासाठी समुद्र उपसावा लागत नाही, आणि खाल्ल्यावर प्रायश्चित्तही नाही. पण जवस कुणी पाहुण्यांपुढं मिरवत नाही, ही त्याची मोठी उणीव.

मग एका वर्षी आमच्या मुख्य कार्यालयातून एक माहितीपत्रक आलं. मुख्य कार्यालय समुद्रकाठच्या शहरात. गुळगुळीत कागद, वर गुलाबी माशाचा तुकडा, त्यावर लिंबाची चकती आणि आमच्या भाजी मंडईत कधीही न दिसलेला एक पाला. आत ठळक अक्षरांत तीन सूचना. हृदयासाठी आठवड्यातून दोनदा समुद्री मासे खा. मोठ्या माशांत पारा साठतो आणि मोठे मासे समुद्रातून संपतही चालले आहेत, म्हणून छोटे मासे निवडा. पावसाळ्यात ताजी मासळी टाळा, तो माशांच्या विणीचा काळ असतो.

तिन्ही सूचना बरोबर होत्या. मीही थोड्याफार फरकानं हेच सांगत आले होते. लिहिणाऱ्याच्या खिडकीतून समुद्र दिसत असावा, एवढंच. आमच्याकडं समुद्र दोन वाटांनी येतो. बर्फाच्या खोक्यांतून येतो तो हॉटेलांत जातो. दुसरा येतो पोत्यांतून, वाळवून आणि मीठ लावून. सुकट, बोंबील, खारे तुकडे. शहागंजात किंवा कुठल्याही आठवडी बाजारात त्याचा वास आधी येतो आणि दुकान मागून दिसतं. खेड्यापाड्यांत समुद्राचा मासा म्हणजे हाच. ताजा तो नदीचा, नाहीतर धरणाचा.

ताज्या माशासाठी मी पेशंटांना रशीदभाईंकडं पाठवायचे. ते काही साधुपुरुष नव्हते. त्यांच्या दुकानात सगळाच माल "डॅम का". बर्फात आठवडाभर झोपलेला परप्रांतीय मासाही डॅमचा आणि बंदी असलेला मांगूरही डॅमचा. मी पदर नाकाला लावून कल्ला उचलायचे आणि म्हणायचे, "रशीदभाई, याचे डोळे बघा." ते हसायचे. "मॅडम, आप खाते नै, फिर इत्ता काय कू देखते?" आखाडात तर त्यांच्या दुकानापुढं उभं राहायला जागा नसे. श्रावण लागायच्या आत सगळ्या शहराला गाभोळी भरलेला मासा हवा असतो. नेमकी तीच माशांची अंडी घालायची वेळ. म्हणजे पुढच्या वर्षीचा मासा आम्ही याच वर्षी खाऊन टाकतो, आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर धर्म पाळतो. मी गाभोळीचा मासा घेऊ नका म्हणून सांगायचे. लोक मान डोलावून तोच घ्यायचे.

तात्या आमच्याकडं पहिल्यांदा आले ते अशाच आखाडात. हर्सूलच्या पुढं त्यांची बागायत शेती, मुलगा संजय कंपनीत, घरात पत्नी कौसाबाई आणि सून सुरेखा. तात्यांचं हृदय अशक्त झालं होतं. अशा हृदयाचं गणित सोपं असतं. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, पाणी वाढलं की जुन्या मोटारीवर लोड येतो, आणि मोटार बसते. म्हणून मीठ जवळजवळ बंद. औषधं देऊन त्यांना रविवारी घरी सोडलं. रविवारी माझी सुट्टी, त्यामुळं आमची भेट झाली नाही. काउंटरवरच्या मुलीनं बिलासोबत ते गुळगुळीत पत्रक मात्र न चुकता दिलं.

श्रावण संपता संपता तात्या परत आले. पाय सुजून खांबासारखे, बोलताना धाप, रात्री आडवं होता येत नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, "पथ्य पाळले नाही", आणि जरा बरं वाटल्यावर त्यांना चाकाच्या खुर्चीतून माझ्याकडं धाडलं. सोबत सगळं घर. संजय आणि कौसाबाई खुर्च्यांवर बसले. सुरेखा पिशवी धरून दाराशी उभी.

कौसाबाईंनी मला प्रश्न विचारायची तसदी पडू दिली नाही. "हिच्या हातालाच मीठ हाय, मॅडम. मी मिठाची बरणी कुलपात घातली, तरी ह्यांची सूज उतरंना. कुठून घालती देव जाणं."

"मी मीठ घातलंच नाही," सुरेखा म्हणाली. अशा आवाजात, की हे वाक्य तिनं घरात अनेकदा म्हणून झालेलं असावं.

"मग सूज काय हवेनं आली?" कौसाबाई म्हणाल्या. शिवाय त्यांची आणखी एक शंका होती. श्रावणात घरात मासळी शिजली, म्हणूनही देव कोपला असेल.

संजय समंजस माणूस. समंजस माणसं फार नुकसान करतात. तो म्हणाला, "मॅडम, मी हिला दोष देत नाही. पण काही दिवस हिला माहेरी पाठवतो. आई करील सगळं. शेवटी तात्यांच्या जिवाचा प्रश्न आहे." असं माहेरी पाठवणं म्हणजे काय, हे आमच्याकडं सगळ्यांना कळतं. सासऱ्याला मीठ घालून मारायला निघालेली सून, हा शिक्का घेऊन ती गावात उतरणार होती. परत कधी बोलावतील, ते कुणीच बोलत नव्हतं.

मी सुरेखाला बसायला सांगितलं. खुर्ची नव्हती. संजय उठला, तेही मी त्याच्याकडं बघत राहिले म्हणून. "श्रावणात मासळी कशी काय शिजवली?" मी तिला विचारलं.

"औषध व्हतं ना," ती म्हणाली. "आत्याला चालत नव्हतं, म्हणून मागच्या पडवीत येगळी शेगडी मांडली. अंघोळ करून शिजवायचे, परत अंघोळ करून घरातलं करायचे."

"कुठला मासा?"

तिनं पिशवीतून आमचंच पत्रक काढलं. घडी घालून घालून ते मऊ पडलं होतं. "ह्याच्यात लिहिलंय समुद्राचा खा. लहान खा. आन पावसाळ्यात ताजा खाऊ नका, पिलांचा टाइम असतो. मी लई इचार केला. समुद्राचा, लहान, आन ताजा नाही. मग शहागंजातून सुकट आणली. कधी खारे बोंबील. आठवड्यातून दोनदा लिहिलंय, पण मामा म्हणले, दोनदानं काय व्हतं, लवकर गुण यायला रोज पायजे."

मी ते पत्रक हातात घेऊन बघत राहिले. तीन बरोबर सूचना आणि त्यांचं एक बिनचूक उत्तर. समुद्र वाचवून, पारा टाळून, माशांच्या पिलांची काळजी घेऊन आम्ही एका अशक्त हृदयाला रोज मिठाचा खुराक चालू केला होता. तिच्या जागी मी असते तर मीही सुकटच आणली असती.

"भाजीत मीठ?"

"अजिबात नाही. भाकरीत नाही, वरणात नाही. सुकटीत बी वरून नाही घातलं."

"आणि ती सुकट, ते बोंबील? धुऊन, भिजवून घ्यायचीस?"

"गरम पाण्यात भिजत घालणार व्हते. माझ्या माहेरी तसंच करतेत. पण मामा म्हणले, भिजवलं की गुण पाण्यात जातो. तसंच भाज."

मी तात्यांकडं बघितलं. तात्या खिडकीबाहेर बघत होते. माझ्या खिडकीबाहेर जनरेटर आहे, दुसरं काही नाही.

मी त्या सगळ्यांना समजावून सांगितलं, की मीठ बरणीतून येत नव्हतं. मासा टिकावा म्हणून तो मिठात मुरवतात, आणि न धुता खाल्ला की ते सगळं मीठ पोटात जातं. सुरेखानं कागदात लिहिलं होतं तेच केलं. चूक असेल तर आमच्या कागदाची आहे. कौसाबाईंचा चेहरा पडला. "पर ते तर औषध व्हतं!" त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

मग मी तात्यांना विचारलं, "तात्या, खारा मासा खारा कशानं होतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

तात्यांनी मान वळवली. माणूस खोटं बोलणारा नव्हता, एवढं म्हणावं लागेल. "मॅडम, जलमभर बाजार केलाय म्या. मला ठावं नसंल व्हय?"

"मग बोलला का नाहीत? घरात हिला एवढी बोलणी बसत होती तेव्हा?"

"बोललो असतो तर बंद झालं असतं," तात्या म्हणाले. "समदं अळणी. जिभीला चव म्हणून एक तेवढीच व्हती. आन कागदात लिहिल्यालं व्हतं ना!"

मला त्यांचा भयंकर राग आला. तीसेक वर्षं त्या खोलीत मी पेशंटांची खोटी उत्तरं हसून ऐकली होती. चोरून खाल्लेली जिलबी, उशीखालची भज्यांची पुडी, सगळं. पण स्वतःच्या जिभेसाठी दुसऱ्याच्या लेकीची अब्रू रोज ताटात वाढून घेणारा माणूस पहिल्यांदाच बघत होते. आजारी माणसावर ओरडायचं नाही, ही शिस्त त्या दिवशी मला फार जड गेली. मी टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

सुरेखा रडली नाही. ती उठली आणि आधी सासूकडं वळली. "आत्या, बरणीचं कुलूप काढून टाका." मग नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही मला माहेरी धाडणार व्हते ना? मी जाणार हाय. तुम्ही धाडायले म्हणून नाही, माझ्या मनानं. चार दिस भावाकडं राहीन आन माझी मीच येईन." तात्यांकडं बघताना मात्र तिनं डोईवरचा पदर सारखा केला. "मामा, मी आले तरी तुमचं ताट करणार नाही. तुमचं पथ्य तुम्हीच शिजवायचं. हात चांगले हायेत तुमचे."

"अगं, पण..." संजय म्हणाला.

"तुम्ही शिजवता का मग?" तिनं विचारलं.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना सगळं सांगून केसपेपरवरचा शेरा बदलून घेतला. त्यांनी तो खोडून लिहिलं, "आहाराबाबत गैरसमज". गैरसमज कुणाचा, हे लिहायचं राहिलं. मुख्य कार्यालयालाही फोन केला. तिथल्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पण तिन्ही मुद्दे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहेत ना?" मी म्हटलं, आहेत. "मग प्रॉब्लेम काय आहे?" पुढच्या छपाईत त्यांनी सुधारणा केली. माशाचं चित्र मोठं केलं.

मी आपल्यापुरता उपाय केला. काउंटरवरचे गठ्ठे उचलून माझ्या कपाटात कोंबले आणि पेशंटांना तोंडी सांगायला लागले. सुका, खारा मासा हृदयवाल्यांनी शिवायचा नाही. ताजा घ्यायचा तो जवळच्या पाण्यातला, राहू किंवा कटला, बिनगाभोळीचा. मांगूर नको. पावसाळ्यात माशांना त्यांच्या संसाराला सवड द्यायची आणि आपण मूग, मटकी, जवस खायचे. हे ऐकून लोक नाराज होतात. इतक्या मोठ्या दवाखान्यात येऊन मटकी ऐकायची त्यांची तयारी नसते.

तात्या घरी गेले. सुरेखा चार दिवसांनी म्हणाली होती तशी परत आली, आणि तिनं शब्द पाळला. कौसाबाईंनी दोन दिवस तात्यांचं केलं, मग गुडघे धरले म्हणून सोडून दिलं. ते खरंच धरले होते की कौसाबाईंनाही काही कळलं होतं, मी विचारलं नाही.

दसरा झाल्यावर तात्या तपासणीला आले ते स्वतःच्या पायांनी. सूज उतरलेली, चेहरा उतरून हाडं वर आलेली, पण डोळ्यांत तेज. उजव्या हाताच्या बोटांवर तव्याचे चटके. सोबत पुन्हा सगळं घर, आणि या वेळी सुरेखा न सांगता खुर्चीवर बसली. तात्यांनी माझ्या टेबलावर स्टीलचा डबा ठेवला आणि पोराच्या प्रगतिपुस्तकासारखा माझ्याकडं सरकवला.

"राहू हाय. डॅमचा," ते म्हणाले. "म्या सवता कल्ले उचलून बघितले. त्यो रशीद बर्फातला शिळा द्यायलता, म्या म्हणलो, मॅडमला इचार. घरी राख लावून सवता साफ केला. चिंच, लसूण, हिरवी मिरची, कोथमीर. मीठ नाय."

"भाकरी?"

"भाकर बी. गोल होत नाय अजून." मग ते कळवळून म्हणाले, "मॅडम, ह्या बाया रोज कशा करत असतील हो? चुलीपुढं बसून समद्या अंगाचं पाणी व्हतं, आन वरून कुणी नाव ठेवलं तर जीव जळतो."

मी डबा उघडला आणि नेहमीसारखा पदर नाकाला लावला. रस्सा हिरवट, दिसायला चांगला होता. मी चाखू शकत नव्हते, हे तात्यांना माहीत होतं. त्यांनी सुनेकडं बघितलं. घरी ती त्यांच्या शेगडीकडं फिरकत नसणार. "सुरेखा," ते म्हणाले, "जरा चाखून सांग की पोरी. तुला कळतं."

सुरेखानं डबा जवळ ओढला. थोडा रस्सा तळहातावर घेतला, चाखला, आणि विचार केल्यासारखं करून म्हणाली, "मीठ जास्त झालंय, मामा."

तात्या ताडकन उठले. "काय बोलायलीस! मीठ घातलंच नाय म्या! एक खडा बी नाय! इचार तुझ्या सासूला, बरणीला हात बी लावला नाय. आईची आण घेऊन सांगतो..."

सुरेखानं रुमालानं तळहात पुसला.

"मी बी नव्हतं घातलं," ती म्हणाली.